जमीन गेली, कोळसा उरला

‘आमची जमीन एमआयडीसीत गेली’ हे वाक्य पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती गावात जमीन जाते ती कोळशाच्या खाणीत. प्रभाकर पाचपुते (जन्म 1986) हे चित्रकार तिथले. घरची शेती खाणीने घेतली आणि घरातली माणसं त्याच खाणीत कामाला लागली. पाचपुते खैरागड आणि बडोद्याला शिल्पकला शिकले. आता ते पुण्यात राहतात.

2012 मध्ये मुंबईच्या क्लार्क हाऊसमध्ये त्यांचं ‘कॅनरी इन अ कोलमाइन’ हे प्रदर्शन झालं. विषारी वायूची चाहूल लागावी म्हणून खाणीत कॅनरी पक्षी नेण्याची पद्धत विलायतेतली. नाव तिथून आलं. पाचपुतेंच्या चित्रांतली माणसं नीट पाहावीत. धड माणसाचं, पण डोक्याच्या जागी दिवा, अवजार, नाहीतर अख्खं घर. ही चित्रं ते कोळशाच्या कांडीने थेट भिंतीवर काढतात. प्रदर्शन उठलं की भिंतीला पुन्हा पांढरा रंग. कांडीचा कोळसा लाकडाचा, खाणीतला दगडी, हे खरं. पण हाताला लागणारी काजळी तीच.

मला या चित्रांत वसाहतवादही दिसतो. तो यात कुठे आला? इंग्रजांनी याच जिल्ह्यातल्या वरोऱ्याला कोळसा काढायला सुरुवात केली 1870 च्या दशकात. पुढे राज्य बदललं, 1970 च्या दशकात खाणी सरकारी झाल्या, पण जमीन घ्यायची रीत फारशी बदलली नाही. मुळशीत 1921 मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध शेतकरी उठले, तेव्हाचा भूसंपादनाचा कायदा 1894 चा. तो 2013 अखेरपर्यंत टिकला. कोळशासाठी तर 1957 चा वेगळा कायदा आजही आहे.

असाच वसाहतवादाचा माग काढणारे दुसरे कलावंत म्हणजे घानाचे इब्राहिम महामा. पण ते चित्रं काढत नाहीत, वापरलेल्या वस्तूच मांडतात. आशियात विणलेली तागाची पोती घानात कोको भरायला जातात, मग त्यांतच कोळसा भरला जातो. महामा व्यापाऱ्यांना नवी पोती देऊन ही जुनी घेतात. 2015 च्या व्हेनिस बिएनालेत त्यांनी आर्सेनाले या प्रदर्शनस्थळातली एक लांबलचक वाट दोन्ही बाजूंनी या शिवलेल्या पोत्यांनी झाकली. ठिगळं, डाग, मालकांची नावं, सगळं तसंच ठेवून. मँचेस्टरमध्ये 2019 साली घानाच्या रेल्वेतली जुनी बाकं मांडून त्यांनी ‘भुतांची संसद’ भरवली. तिथे प्रेक्षकाला बसता येत होतं. हे मला फार आवडतं.

पाचपुते ‘आर्टेस मुंडी’ या कला-पुरस्काराच्या निमित्ताने वेल्समध्ये पोचले, म्हणजे दगडी कोळशाच्या माहेरीच. तिथल्या खाणकामगारांच्या मोर्चांतल्या निशाणांचा अभ्यास करून त्यांनी कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी कापडावर कामं केली. 2021 मध्ये तो पुरस्कार एकाला न देता अंतिम फेरीतल्या सहाही कलावंतांना वाटून दिला. मला मात्र पाचपुतेंची भिंतीवरची चित्रं जास्त भिडतात. कॅनव्हास विकत घेता येतो. भिंत कोण नेणार?