सव्वा तासाची मुंबई

आमचे घर दुर्गदबैलच्या मागच्या गल्लीत. महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना या नावात आधी बैल दिसतो आणि ते हसतात. कन्नड येणाऱ्याला तो 'बयलु' असल्याचे कळते. बयलु म्हणजे मोकळे मैदान!

गेल्या वर्षी एका संध्याकाळी डोंबिवलीहून मावसभावाचा फोन आला. मावशीला दवाखान्यात ठेवले होते. "लवकर या," एवढेच तो म्हणाला. पंच्याहत्तरीची आई पिशवी भरता भरता मला म्हणाली, "विमानाने जाऊ रे. सव्वा तासच लागतो ना?"

तिचे चुकले नव्हते. हुबळी ते मुंबई हवाई अंतर साधारण 475 किलोमीटर आहे. पुण्यावरून रस्त्याने तेच साडेपाचशेच्या वर जाते. जेट विमान वर गेल्यावर ताशी आठशेच्या आसपास पळते. त्या हिशेबाने पाऊण तास पुरायला हवा. पण धावपट्टीपर्यंत सरपटणे, चढणे, उतरणे यांत वेळ जातो. मुंबईवर गर्दी असली की पाळी येईपर्यंत आकाशातच घिरट्या!

2003 साली कॅप्टन गोपीनाथांच्या एअर डेक्कनचे विमान बेंगळुरूहून हुबळीला येऊ लागले, तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो. तिकिटाची ऐपत नव्हती, पण आवाज आला की गच्चीवर धावायचो. डिसेंबर 2017 मध्ये नवे टर्मिनल झाले आणि विमान आमच्यासारख्यांच्याही बोलण्यात आले.

पण त्या संध्याकाळी विमान नव्हते. पुढचे दुसऱ्या दिवशी दुपारी. म्हणजे डोंबिवली गाठेपर्यंत दिवेलागण. आईला हे पटेना. शेवटी रात्री साडेनऊला घर सोडले, दहाची स्लीपर बस धरली, सकाळी कळंबोलीला उतरलो आणि टॅक्सीने साडेआठला दवाखान्यात पोचलो. अकरा तास. मावशीने आईला ओळखले, हात धरला, गावाकडच्या चिंचेची आठवण काढली. दुपारनंतर ती बोलली नाही.

तेराव्यानंतर परतताना मात्र आईला विमानानेच आणले. मास्तरकीची खोड, मी घड्याळ लावून बसलो. डोंबिवलीहून साडेनऊला निघालो. विमानतळापर्यंत पावणेदोन तास. तपासणी आणि वाट पाहणे यात आणखी दोन. चाके जमिनीवरून सुटल्यापासून टेकेपर्यंत जेमतेम तासभर. मग सामान, गोकुळ रोडवरून रिक्षा, आणि घरी पावणेचार. एकूण सव्वासहा तास, त्यातला हवेत एक! खिडकीजवळ बसूनही आईने बाहेर फारसे पाहिले नाही. मावशीचे दोन लुगडे मांडीवर घेऊन बसली होती.

दारात शेजारच्या अक्कांनी विचारले, "एष्टु होत्तु हिडीतु?"

"नाष्टा अल्ली, चहा इल्ली," आई म्हणाली आणि चहाचे आधण ठेवायला आत गेली.