जयपूरचा पाय

नवी वस्तू घडविणाऱ्याला तिची कल्पना अकस्मात सुचते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तिच्या मुळाशी बहुधा कोणाची तरी अडचण असते आणि ती ज्याने बारकाईने न्याहाळली, त्यालाच तिचे उत्तर दिसते. राजस्थानातील जयपूर येथे १९६८ साली तयार झालेला कृत्रिम पाय हे याचे बोलके उदाहरण होय.

त्या काळी पाय गमावलेल्या रुग्णास पाश्चात्त्य धर्तीचा कृत्रिम पाय मिळत असे. त्याच्या पावलात लाकडाचा ताठ गाभा असे आणि घोट्याला सांधा नसे. बूट घालून सपाट फरशीवर चालणाऱ्यास तो पुरेसा होता. परंतु भारतातील शेतकरी अनवाणी चालतो, चिखलात उभा राहतो, उकिडवा बसतो आणि मांडी घालून जेवतो. उकिडवे बसताना पाऊल घोट्यापाशी दुमडावे लागते. मांडी घालताना ते वळावे लागते. उंचसखल जमिनीवर ते दोन्ही बाजूंस कलावे लागते. ताठ गाभ्यामुळे यांपैकी काहीच साधत नसे. साहजिकच अनेक रुग्ण तो पाय बाजूला ठेवून पुन्हा कुबड्या हाती घेत.

सवाई मानसिंह रुग्णालयातील अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांनी ही उणीव ओळखली. त्यांना कुशल कारागीर रामचंद्र शर्मा यांची जोड मिळाली. एकाजवळ शरीररचनेचे ज्ञान होते, तर दुसऱ्याजवळ पदार्थांची पारख आणि हातातील कसब.

पाऊल लवचिक हवे, तसेच ते पाण्यात टिकले पाहिजे. असा पदार्थ कोणता? शर्मा यांची सायकल एकदा पंक्चर झाली, तेव्हा दुकानात ट्रकच्या झिजलेल्या टायरवर रबराचा नवा थर चढविला जात असल्याचे त्यांनी पाहिले आणि तेथेच त्यांना मार्ग सापडला, असे सांगतात. गंधक आणि उष्णता यांच्या योगाने रबर चिवट व टिकाऊ होते. या क्रियेस व्हल्कनीकरण म्हणतात.

तथापि कल्पना सुचली म्हणजे वस्तू सिद्ध झाली असे नव्हे. संपूर्ण भरीव रबराचे पाऊल जड आणि ताठ होते. म्हणून टाच व चवडा यांसाठी सच्छिद्र, हलके रबर आणि घोट्यासाठी लाकडी ठोकळा अशी योजना ठरली. हे भाग टायरमधील दोऱ्यांच्या पट्ट्यांनी बांधून, वरून कातडीच्या रंगाचे रबर चढवून, साच्यात तापविण्यात येऊ लागले. अशा पावलास बुटाची गरज उरली नाही.

या पायाचे एकस्व घेण्यात आले नाही, त्यामुळे तो कोणासही बनविता येतो. १९७५ साली जयपुरात स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो गरजूंना विनामूल्य पुरविला. १९८१ साली डॉ. सेठी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रबर आणि टायरचे दुकान जयपुरात पूर्वीही होते. परंतु रुग्ण जमिनीवर कसा बसतो, हे ज्यांनी आधी पाहिले होते, त्यांनाच त्या रबरात पाऊल दिसले.