क्वॉलिटीचा कोर्स करावा का? पैसे भरण्याआधी समजून घ्यायच्या गोष्टी

बारावीचे आणि डिप्लोमाचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांमध्ये पत्रके फिरू लागतात. 'क्यूए-क्यूसी कोर्स, शंभर टक्के नोकरीची हमी', 'पाच दिवसांत लीड ऑडिटर', 'सिक्स सिग्मा ब्लॅक बेल्ट'. चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरी या औद्योगिक पट्ट्यांजवळ तर ती चहाच्या टपरीवरही सापडतात. मग पालक विचारतात, "पोराला क्वॉलिटीला टाकू का?" प्रश्न चार शब्दांचा आहे, पण त्यामागे बहुतेक वेळा वडिलांच्या पीएफमधून काढलेली रक्कम किंवा आईने बचत गटातून उचललेले कर्ज असते. त्यामुळे 'टाका' किंवा 'नको' असे एका शब्दात उत्तर देता येत नाही.

आधी हे काम काय आहे ते पाहू. क्वॉलिटी म्हणजे तयार मालातून खराब पीस बाजूला काढणे, असा सर्वसाधारण समज आहे. ते या क्षेत्रातील पहिले पाऊल आहे, त्याला क्वॉलिटी कंट्रोल म्हणतात. समजा, एका शाफ्टचा व्यास २५ मिलिमीटर हवा आणि ०.०५ मिलिमीटर कमी-जास्त चालते. २५.०७ आला की पीस रिजेक्ट. हे काम व्हर्निअर, मायक्रोमीटर आणि गेज हाताळता येणारा आयटीआयचा मुलगा करू शकतो. आता लागोपाठ मोजमापे २५.०१, २५.०२, २५.०३, २५.०४ अशी आली तर? सगळे पीस पास आहेत. पण ज्याला समज आहे तो ओळखतो की टूल झिजत चालले आहे आणि थोड्याच वेळात रिजेक्शन सुरू होणार. अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये मांडलेला कंट्रोल चार्ट नेमके हेच दाखवतो. आजही कारखान्यांत तो वापरला जातो.

चूक झाल्यावर पकडण्याऐवजी ती होऊच नये अशी कामाची पद्धत बसवणे, हे अ‍ॅश्युरन्स. आणि पुरवठादार, मशीन, कामगारांचे प्रशिक्षण, ग्राहकाची तक्रार हे सगळे एका व्यवस्थेत बांधणे, हे क्वॉलिटी मॅनेजमेंट. पत्रकावर मॅनेजमेंट लिहिलेले असते, पहिली नोकरी मात्र जवळपास नेहमी कंट्रोलची मिळते. तीन शिफ्ट, उभ्याने काम, दिवसभर मोजमाप आणि नोंदी. तिथून वर जायला काही वर्षे लागतात, आणि ती वर्षे कोणत्याही कोर्सने वाचत नाहीत.

सर्वांत जास्त फसवणूक सर्टिफिकेटच्या शब्दांत होते. आयएसओ ९००१ हे प्रमाणपत्र संस्थेला मिळते, माणसाला नाही. त्यामुळे 'आमचा विद्यार्थी आयएसओ सर्टिफाइड होतो' असे कोणी सांगितले तर तिथेच सावध व्हावे. माणसासाठी जो असतो तो लीड ऑडिटरचा कोर्स, साधारण पाच दिवसांचा. तो खोटा नाही. पण ज्याने कारखान्यात एक दिवसही काम केले नाही, त्याला दुसऱ्याचा कारखाना तपासायला कोण पाठवील? प्रमाणन संस्था ऑडिटरकडे त्या उद्योगाचा अनुभव मागतात. चार-पाच वर्षे काम केलेल्या माणसाला हा कोर्स उपयोगी पडतो, तेही बहुतेकदा कंपनीच्या खर्चाने.

सिक्स सिग्माचे तसेच. ही पद्धत १९८६ मध्ये मोटोरोला कंपनीत आकाराला आली. दहा लाख संधींमागे ३.४ पेक्षा जास्त दोष नकोत, हे तिचे लक्ष्य. परंतु ग्रीन बेल्ट, ब्लॅक बेल्ट कोणी द्यायचे यासाठी जगात एकच अधिकृत संस्था नाही. कोणीही बेल्ट देऊ शकतो आणि देतोही. अमेरिकन सोसायटी फॉर क्वॉलिटीच्या ग्रीन बेल्ट परीक्षेसाठी तीन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. त्यावरून गल्लीतल्या दोन दिवसांच्या बेल्टची किंमत करावी.

आखाती देशांत जाण्यासाठी एनडीटी, म्हणजे वेल्डिंग वगैरे न तोडता तपासण्याचे तंत्र, शिकणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. 'लेव्हल टू'चे जे प्रमाणपत्र क्लासवाले देतात ते बहुधा एसएनटी-टीसी-१ए या पद्धतीचे असते. त्या पद्धतीत माणसाला प्रमाणित करण्याची जबाबदारी मालकाची असते. नोकरी बदलली की नवा मालक पुन्हा तपासणी घेऊ शकतो. क्लासचा कागद म्हणजे परवाना नव्हे. आणि भरती एजंट गाठण्याआधी तो परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का, हे ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येते.

मग शिकायचे कुठे? डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगची पदवी असेल तर नॅट्समधून, आयटीआय असेल तर ट्रेड अप्रेंटिस म्हणून कंपनीच्या क्वॉलिटी विभागात जागा मिळते का, हे पहिले पाहावे. तिथे फी भरायची नसते, उलट विद्यावेतन मिळते. कायम करतीलच असे नाही, पण हाताला अनुभव लागतो. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे सिक्स सिग्मा आणि टोटल क्वॉलिटी मॅनेजमेंटचे अभ्यासक्रम मोफत ऐकता येतात, पैसे फक्त परीक्षा द्यायची असेल तर. इंग्रजी जड जाते, हे खरे. दोघा-तिघांनी मिळून ऐकले तर निभावते. आकडेमोडीची आवड असेल तर १९३१ साली प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेची माहिती काढावी. क्वॉलिटी आणि रिलायबिलिटी हा तिथे एम.टेक.चा विषय आहे. अनुसूचित जातीच्या तरुणांनी बार्टीच्या कौशल्य प्रशिक्षणाच्या जाहिराती पाहत राहाव्यात. पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला मिळते, खासगी क्लासच्या तीन महिन्यांच्या सर्टिफिकेटला नाही. हा फरक अनेक घरांना फी भरल्यावर कळतो.

क्वॉलिटी म्हणजे फक्त वाहन उद्योग असेही नाही. बी.एस्सी. रसायनशास्त्र किंवा बी.फार्म. झालेल्यांना औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळा आहेत, आणि एम.फार्म.ला क्वॉलिटी अ‍ॅश्युरन्स ही स्वतंत्र शाखा आहे. नर्सिंग झालेल्या मुलींनी रुग्णालयांकडे पाहावे. एनएबीएच मानांकन घेणाऱ्या खासगी रुग्णालयांत आणि राष्ट्रीय गुणवत्ता मानकांवर तपासल्या जाणाऱ्या सरकारी रुग्णालयांत संसर्ग, औषधांच्या चुका, रुग्णांच्या तक्रारी यांचा हिशेब ठेवणारी माणसे लागतात. तिथे वॉर्डचा अनुभव असलेली परिचारिका एमबीए झालेल्यापेक्षा अनेकदा सरस ठरते, असे माझे मत आहे.

एक बाजू मात्र कोणत्याच पत्रकावर नसते. क्वॉलिटीच्या माणसाचे काम 'नाही' म्हणण्याचे आहे. महिनाअखेरीस माल रवाना करायचा असतो, प्रॉडक्शनचा साहेब म्हणतो सोडून दे, आणि तपासणारा असतो ठेकेदाराकडचा, अकरा महिन्यांच्या कागदावरचा पोरगा. तो लाइन थांबवील का? एडवर्ड्स डेमिंग यांच्या व्यवस्थापनाच्या चौदा सूत्रांत भीती घालवणे हे एक सूत्र आहे, कारण घाबरलेला माणूस खरी नोंद लिहीत नाही. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटत नाही. कोणाचे ऐकले जाते हे पदावर, ओळखीवर आणि आडनावावरही ठरते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. म्हणून पहिल्या नोकरीत पगाराइतकेच हेही विचारावे की रिजेक्टचा शिक्का मारण्याचा अधिकार कोणाला आहे आणि मी मारलेला शिक्का कोण बदलू शकतो. खोट्या नोंदीवर सही तुमची असेल तर ऑडिटमध्ये अडकणारही तुम्हीच.

ज्याला नोंदी ठेवण्याचा कंटाळा नाही, आकड्यांची भीती नाही आणि चारचौघांत न चिडता आपले म्हणणे धरून ठेवता येते, त्याने या क्षेत्राचा जरूर विचार करावा. मशीन चालवण्यात, खोलण्यात जीव रमणाऱ्याने प्रॉडक्शन किंवा मेंटेनन्सकडे जावे. केवळ 'क्वॉलिटीत अंगाला तेल लागत नाही' म्हणून इकडे येऊ नये.

तरीही एखादा क्लास करायचाच ठरला, तर फी भरण्याआधी मागच्या बॅचच्या पाच मुलांचे नंबर मागा. क्लासवाल्याने दिले तर त्यांना फोन करून पगार कंपनी देते की ठेकेदार, हे विचारा. दिले नाहीत तर शिफ्ट सुटण्याच्या वेळी जवळच्या कारखान्याच्या गेटवर जा. क्वॉलिटीत काम करणारा कोणी भेटला की त्याला चहा पाजा आणि त्याने काय शिकल्याचा उपयोग झाला ते विचारा. एवढी चौकशी एका दुपारी होते.