बनियनवरचा कातळ

पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर आपटा गेलं की जिते, मग हमरापूर, मग पेण. एका अंगाला सह्याद्रीचे फाटे, दुसऱ्या अंगाला खाडी आणि खारपट्टी. अशा मुलखात बोअर मारली आणि पाणी लोहाचं निघालं, तर मोरीतल्या बादलीत बघण्यासारखा प्रकार घडतो. पंप सुरू केला की येणारं पाणी अगदी नितळ असतं. तासाभराने त्यावर पिवळसर झाक येते. संध्याकाळपर्यंत तळाशी तांबूस गाळ बसतो, पाण्यावर पातळ तवंग धरतो आणि बादलीच्या कडेला विटकरी वळ उमटतो. त्याच पाण्यात पांढरं बनियन धूत राहिलं, की थोड्याच दिवसांत ते चहाच्या रंगाचं होतं. पाण्यात तर कोणी काही टाकलेलं नसतं.

म्हणजे टाकलेलं असतं, हवेने. ते समजायला आधी जमिनीखाली जावं लागतं.

इथला कातळ बसाल्टचा. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो झाला, आणि त्याच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा लोह आहे. आपण दगड काळा म्हणतो, पण तो कुजला की लाल होतो. माथेरानच्या वाटेवरची लाल धूळ आठवा. पावसाचं पाणी जमिनीत मुरताना मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड पिऊन घेतं आणि किंचित आंबट होतं. आणखी खोल गेलं की त्यातला प्राणवायू जिवाणू संपवतात. अशा गुदमरलेल्या पाण्यात लोह सुखाने विरघळतं.

लोहाची ही खोड लक्षात ठेवली की पुढचं सगळं उलगडतं. दोन इलेक्ट्रॉन गमावलेलं लोह पाण्यात विरघळलेलं राहतं आणि डोळ्यांना दिसत नाही. तिसरा इलेक्ट्रॉनही गेला, की ते पाण्यात राहायला तयार नसतं. गंजासारखं होऊन खाली बसतं. तो तिसरा इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो प्राणवायू, आणि बोअरमधून वर आलेल्या पाण्याला तो बादलीत पुन्हा भेटतो.

यासाठी लागणारं लोह किती असेल? लिटरमागे 0.3 मिलिग्रॅमच्या वर गेलं की कपड्यांवर आणि भांड्यांवर डाग दिसायला लागतात. लिटरला 1 मिलिग्रॅम असेल, तर हजार लिटरच्या टाकीत एक ग्रॅम लोह झालं आणि गाळ होताना पाणी-प्राणवायू जोडून त्याचं वजन जवळपास दुप्पट भरतं. प्राणवायू मात्र अगदी थोडा पुरतो. 1 मिलिग्रॅम लोहाला सुमारे 0.14 मिलिग्रॅम. उघड्यावरच्या लिटरभर पाण्यात तो 7-8 मिलिग्रॅम विरघळलेला असतो.

मग काही घरांत बादली लगेच का तांबडी होते आणि काही घरांत कपडा वाळल्यावर डाग का उठतो? याचं उत्तर पाण्याच्या आंबटपणात आहे. सामू (pH) एका अंकाने वर गेला, म्हणजे आंबटपणा घटला, की ही क्रिया सुमारे शंभर पटीने वेगवान होते. आता धुण्याकडे बघा. कपडे धुण्याची पावडर अल्कधर्मी असते. ती टाकली की पाण्याचा सामू चढतो आणि निवांत बसलेलं लोह घाईघाईने बाहेर पडतं, तेही नेमकं सुताच्या धाग्यांत. स्वच्छ व्हावं म्हणून पावडरीचा हात सैल सोडावा, तर डाग अधिक पक्का होतो.

इथे पुष्कळ जण दुसरी चूक करतात, ब्लीच ओततात. पिवळं दिसलं की ब्लीच, हे साहजिकच वाटतं. पण ब्लीचचं कामच मुळी इलेक्ट्रॉन ओढून घेण्याचं. पाण्यात अजून न दिसणारं जे लोह शिल्लक असेल, त्याचाही तिसरा इलेक्ट्रॉन ते काढून घेतं आणि कपडा होता त्याहून पिवळा करतं.

जुन्या बायकांचा उपाय बरोबर उलट्या दिशेने जातो. डागावर लिंबू पिळायचं, मीठ चोळायचं आणि कपडा उन्हात टाकायचा. पूर्वी मला हा उपाय म्हणजे निव्वळ सवय वाटे, ऊन काय सगळ्यालाच दाखवतात. पण लिंबातलं सायट्रिक आम्ल गंजातल्या लोहाला पकडून ठेवतं आणि या जोडीवर ऊन पडलं, की प्रकाश लोहाला त्याचा गेलेला इलेक्ट्रॉन परत मिळवून देतो. लोह पुन्हा विरघळणारं होतं आणि धुऊन जातं. जॉन हर्शल या शास्त्रज्ञाने 1842 मध्ये निळ्या छायाचित्रांची जी पद्धत काढली, ती याच जोडीवर चालते. लोह, सायट्रिक आम्ल आणि सूर्यप्रकाश. इमारतींचे निळे नकाशे पुढे त्याच रसायनावर निघाले. अंगणातल्या दोरीवर लिंबू लावून टाकलेलं बनियन आणि अभियंत्याच्या टेबलावरचा नकाशा सख्खे नातेवाईक निघावेत, याचं मला अजून नवल वाटतं. मिठाचं काम दुय्यम, फार तर हातभार लावतं.

डाग ओला राहील असं बघायचं, सुकला की पुन्हा लिंबू शिंपडायचं. रंगीत कपड्यावर आधी कोपऱ्यात करून पाहायचं. आणि शेवटचं खळबळणं बोअरच्या पाण्यात करायचं नाही, नाहीतर गाडी पुन्हा मूळ स्टेशनात. पावसाचं साठवलेलं पाणी त्यासाठी उत्तम.

परसात बिंबलीचं झाड असेल तर लिंबाचीही गरज नाही. तिच्या आंबट फळात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं आणि लोहाला पकडण्यात ते लिंबापेक्षा खमकं. बिंबलीच्या रसाने कपड्यावरचे गंजाचे डाग काढण्याची रीत आग्नेय आशियात जुनी आहे. दुकानात मिळणारी ऑक्झॅलिक आम्लाची पूड फरशीच्या डागांवर चालते, पण ती विषारी असते. हातमोजे घालावेत आणि मुलांपासून ती लांब ठेवावी. संडासाचं अ‍ॅसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

लोह जमिनीचं की पाइपाचं, हेही ओळखता येतं. सकाळी नळ सोडल्यावर पहिलंच पाणी तांबडं आणि मग स्वच्छ, तर दोष गंजलेल्या पाइपाचा. पाणी स्वच्छ येऊन नंतर तांबडं होत असेल, तर लोह कातळातलं. पाणी नितळ असतानाच तपासायचं असेल, तर पेरूचं कोवळं पान चुरडून त्यात टाकावं. लोह असेल तर पाणी जांभळट-काळं होतं. पानातलं टॅनिन आणि लोह मिळून शाई तयार होते. हिरडा आणि लोहाचा क्षार असलेला हिराकस यांपासून रंगारी काळा रंग करत, तो असाच. बोअरच्या पाण्याचा चहा कळकट का होतो, तेही इथेच कळतं.

फ्लशच्या टाकीत बुळबुळीत नारिंगी थर धरतो, तो मात्र निव्वळ गंज नाही. त्यात जिवाणू राहतात. गॅलिओनेला नावाचा जिवाणू लोहाच्या त्या तिसऱ्या इलेक्ट्रॉनवर पोट भरतो आणि मागे गंजाचा पीळ दिलेला बारीक देठ सोडत जातो. एरेनबर्ग या जर्मन संशोधकाने त्याची नोंद 1830च्या दशकात केली. भाताच्या बांधाखाली पाझरणाऱ्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला, तर काडी लावून बघा. काचेच्या तुकड्यांसारखा फुटला तर तो लोहाचा. लगेच पुन्हा एक झाला तर कोणीतरी तेल सांडलंय.

डाग पडूच नये म्हणून करायचं ते डाग काढण्याच्या नेमकं उलट. लोहाला मुद्दाम हवा खाऊ घालायची. बोअरचं पाणी टाकीत शॉवरमधून किंवा भोकं पाडलेल्या पाइपातून उंचावरून पाडायचं, रात्रभर निवळू द्यायचं, आणि वापराचा नळ तळापासून हातभर वर बसवायचा. मधे वाळूचा थर असला तर फारच छान. ही वाळू तांबडी झाली म्हणून फेकू नये. तिच्यावर चढलेला गंजाचा लेपच पुढच्या लोहाला लवकर खाली बसवतो. तुंबली तर उलट्या दिशेने पाणी सोडून धुवावी. नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेने हातपंपाला जोडायची लोह काढणारी संयंत्रं केली, त्यातही हवा, निवळणं आणि गाळणं हीच युक्ती आहे. हे न करता थेट आरओ मशीन लावलं, तर लोह त्याचं पटल चोंदवतं आणि खर्च वाढतो.

जड, म्हणजे कठीण पाण्याची गोष्ट वेगळी. ते हवेला दाद देत नाही. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं, म्हणून साबणाला फेस येत नाही, तूरडाळ शिजत नाही आणि गिझरमध्ये पांढरं किटण धरतं. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंतची कठीणता चांगली आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यायची. बायकार्बोनेटची कठीणता उकळल्यावर किटण होऊन बसते. थॉमस क्लार्क या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने 1841 मध्ये अशा पाण्यातला चुना काढायला त्यात आणखी चुनाच टाकायचं पेटंट घेतलं. ऐकायला वेडेपणा, पण चुनकळीने बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं आणि दोन्हीकडचा चुना खाली बसतो.

जिप्समची कठीणता मात्र उकळून हटत नाही. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. ते भाजून प्लास्टर ऑफ पॅरिस होतं, आणि हमरापूर-जोहे भागातल्या गणपती कारखान्यांत त्याची पोती रचलेली असतात. लिटरभर पाण्यात ते दोन ग्रॅमच्या आसपास विरघळतं. मूर्तीवर गेरू चढतो तो पुन्हा लोहाचाच, बनियनवर बसला होता त्याच घराण्यातला.

जिप्समच्या अशा कठीण पाण्याला सॉफ्टनर लागतो. त्यातले रेझिनचे मणी कॅल्शियम धरतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले, मिठाच्या पाण्याने धुतले, की पुन्हा तयार. पहिले सॉफ्टनर रेझिनचे नव्हते, झिओलाइटचे होते, आणि झिओलाइटचे स्फटिक दख्खनच्या बसाल्टमधल्या पोकळ्यांत भरपूर सापडतात. कठीणता देणाऱ्या कातळाच्याच पोटात ती काढणारा दगड. बरं, धुवायला लागणारं मीठ पेणच्या खाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या पिकत आलेलं.

सॉफ्टनर धुतल्यावर निघणारं खारं पाणी परसातल्या झाडांना घालू नये आणि विहिरीजवळही सोडू नये. आणि लोहाचं पाणी आधी हवा देऊन, गाळूनच सॉफ्टनरला द्यावं. गंजाने मणी लेपले गेले, की नुसत्या मिठाने ते सुटत नाहीत.