मुलांच्या घरच्या गाडीला मोटार कोणती?

मुलांची हौस कोणाला नसते? बागेत किंवा जत्रेत बॅटरीवर चालणारी छोटी गाडी दिसली की पोर तिथेच पाय रोवून उभे राहते. एका फेरीने मन भरत नाही आणि नवी गाडी घ्यायची तर काही हजार रुपये. हातावर पोट असलेल्या घराने ते आणायचे कुठून? पण आपल्या वस्तीत वेल्डर आहेत, वायरमन आहेत, गॅरेजात राबणारे बांधव आहेत. लोखंडी पट्ट्या, लहान सायकलची चाके आणि प्लायवूडची बैठक जमली की सांगाडा उभा राहतो. घोडे अडते ते मोटारीपाशी. आमचेही तिथेच अडले.

आम्ही भंगारातून मोटार आणायला गेलो. विक्रेत्याने कारच्या खिडकीची काच वरखाली करणारी मोटार हातावर ठेवली. ‘डोळे झाकून घेऊन जा भाऊ,’ म्हणाला. आम्ही खरेच डोळे झाकले! विहाराच्या अंगणात गाडी पाच मिनिटे चालली आणि थांबली. मोटार हात लाववेना इतकी तापली होती. काच वर न्यायला काही सेकंद पुरतात. ती मोटार तेवढ्याच कामासाठी बनलेली असते. धाकटी हिरमुसली आणि आम्ही खजील झालो. कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून पाहा, असा उपदेश भगवान बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना केला. तो आम्ही विहारात ऐकतो आणि बाजारात विसरलो.

कोणती नको, कोणती हवी?

मिक्सरची किंवा टेबलफॅनची मोटार मुळीच नको. ती घरच्या २३० व्होल्टच्या विजेवर चालते. मुलांच्या गाडीत ती वीज आणणे म्हणजे जिवाशी खेळ. गाडीचा स्टार्टरही नको. तो काही क्षणांसाठी शेकडो अँपिअर ओढतो. लहान बॅटरी त्यापुढे टिकत नाही. इलेक्ट्रिक स्कूटरची २४ व्होल्ट, २५० वॅटची मोटार मिनिटाला अडीच हजारांहून अधिक फेरे घेते. तिला चेन लावून वेग पुष्कळ उतरवावा लागतो. पाच वर्षांच्या मुलाला एवढ्या ताकदीची गरजही नसते.

उरते ती कारच्या काचेवरचे पाणी पुसणारी वायपर मोटार. ती १२ व्होल्टची असते आणि भर पावसात तासन् तास चालण्यासाठीच बनवलेली असते. गिअर तिच्या पोटातच असतो, म्हणून फेरे कमी आणि जोर जास्त. बहुतेक मोटारींना दोन वेग असतात, साधारण ४५ आणि ६५ फेरे मिनिटाला.

आता हिशेब करू. १२ इंची चाकाचा घेर सुमारे ९६ सेंटिमीटर. ४५ फेऱ्यांना गाडी मिनिटाला ४३ मीटर, म्हणजे तासाला अडीच किलोमीटर जाते. ६५ फेऱ्यांना पावणेचार. वजन पडले की वेग आणखी थोडा उतरतो. आईने शेजारून चालत राहावे, इतकाच हा वेग. मूल आणि गाडी मिळून ४० किलो धरले तर सपाट जमिनीवर १५-२० वॅट पुरतात, चढावर पन्नासेक लागतात. मोठ्या कारची वायपर मोटार हे काम करते. ती मागच्या एकाच चाकाला जोडावी, म्हणजे वळताना दुसरे चाक मोकळे फिरते.

घेण्यापूर्वी पारखा

मुंबईत कुर्ल्याला जुन्या सुट्या भागांचा बाजार आहे. इतर शहरांतही भंगार बाजार असतात. जाताना १२ व्होल्टची बॅटरी बरोबर न्या. मोटार तिथेच दहा मिनिटे चालवा. खरखर, जळका वास किंवा चटका बसेल इतकी गरमी असेल तर परत ठेवा. काही मोटारींचे ऋण टोक अंगालाच जोडलेले असते. रिव्हर्स हवा असेल तर अशी मोटार सांगाड्यापासून रबर लावून अलग बसवावी लागते.

यूपीएसची १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी पुरेशी आहे. तिच्या धन टोकालगतच १५ अँपिअरचा फ्यूज घालाच. पायाखाली स्प्रिंगचा स्विच ठेवा; पाय उचलला की वीज बंद. पोटातल्या गिअरमुळे चाकही तिथेच थांबते. चार्जिंग चालू असताना मुलाला गाडीत बसवू नका.

दुसऱ्या रविवारी गाडी धावली. वस्तीतली पोरे पाळीने बसली. मग दोघे एकदम चढले, चाक पायरीला अडले आणि फ्यूज उडाला. मोटार मात्र वाचली. नवा फ्यूज धाकटीने स्वतःच्या हाताने बसवला आणि विचारले, ‘हा का जळतो?’ आम्ही मुलांना सांगितले, आणि त्याच ओघात हेही सांगितले की १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. तारांचे हे ज्ञान आपल्याला परके नाही.

म्हणून गाडी करताना मुलाला नुसते बसवू नका, मुलीच्या हातीही पाना द्या. गाडी दोन वर्षांत लहान पडेल, पण पारखण्याची सवय जन्मभर पुरेल. जयभीम!