पहिल्या वर्षाची घसरगुंडी

फराळाला आलेल्या पाहुण्याने चिवड्याचा घास घेत "काय रे, किती टक्के पडले?" असे विचारावे, आणि चिरंजिवांनी "आता टक्के नसतात, काका, एसजीपीए असतो," असे पुटपुटत आतल्या खोलीत पळ काढावा, हा प्रसंग यंदाच्या दिवाळीतही पुष्कळ घरांत घडेल. आजीला या मामल्यात फारसे कळत नाही. "पाच पूर्णांक दोन म्हणजे दहापैकी ना? मग निम्म्याहून जास्तच की!" असे म्हणून ती नातवाच्या बशीत आणखी एक करंजी ठेवते. आजीचा हिशेब तसा अगदीच चुकीचा नाही. पण ज्याला बारावीला शेकडा ८६ गुण होते त्याच्या आईवडिलांचे समाधान त्या करंजीने होत नाही.

मी मुंबईच्या उपनगरातल्या एका कॉलेजात मराठी शिकवते. दरवर्षी जून महिना उजाडला की, पहिल्या वर्षाची गुणपत्रिका हातात घेऊन पालकांची ये-जा सुरू होते. त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो : "बारावीपर्यंत हुशार होता हो, मग आताच काय झाले?" कोणी मोबाइलला दोष देतो, कोणी मित्रांना, कोणी लोकलच्या प्रवासाला. या तिन्हींत तथ्य आहे. बदलापूरहून वा विरारहून उभ्याने येणारा मुलगा पहिल्या तासाला डोळे कसेबसे उघडे ठेवतो, हे मी रोज पाहते. पण माझ्या मते खरे कारण याहून साधे आहे, आणि ते सहसा कोणी सांगत नाही.

बारावीपर्यंत मुलाच्या हाती पाठ्यपुस्तक असते. १९६७ साली बालभारतीची स्थापना झाली, तेव्हापासून मराठी घरात "पुस्तक पाठ केलेस का?" या प्रश्नाला एक निश्चित अर्थ आला. पुस्तक एक, प्रश्न त्यातले, उत्तरही त्यातलेच. कॉलेजात आल्यावर मात्र मिळतो तो अभ्यासक्रमाचा एक कागद; त्यावर चार घटकांची नावे आणि खाली आठदहा संदर्भग्रंथांची यादी. ते ग्रंथ ग्रंथालयात आहेत, पण कशातले किती वाचायचे, हे कोण सांगणार? मग मूल गाइडाच्या दुकानाकडे वळते, किंवा परीक्षेच्या आठवड्यात वर्गमैत्रिणीच्या वहीची झेरॉक्स काढते. त्यातून सत्र अवघे पंधरा-सोळा आठवड्यांचे. प्रवेशाच्या याद्या संपेपर्यंत त्यातले काही आठवडे गेलेले असतात. मग गणपती येतात, नवरात्र येते, युवा महोत्सव येतो, आणि दिवाळीच्या आसपास परीक्षा दारात उभी राहते. आम्ही शिकलो तेव्हा वर्षाकाठी एक परीक्षा असे. जून-जुलैत झोपलेला मुलगा जानेवारीत जागा झाला तरी त्याचे निभावत असे. आता तसे निभावत नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. मुलीचे नाव सांगत नाही. पहिल्या वर्ष कला शाखेची विद्यार्थिनी. मराठी आणि अर्थशास्त्र हे तिचे विषय. बारावीला ८६ टक्के, आणि पहिल्या दोन सत्रांचे एसजीपीए ५.२ आणि ५.४. त्यातही पहिल्या सत्रातले अर्थशास्त्र एटीकेटीने सुटलेले. एटीकेटी म्हणजे अलाउड टू कीप टर्म्स, राहिलेला विषय मागून सोडवण्याच्या अटीवर पुढे जाण्याची परवानगी. पण पालकांच्या कानाला तो शब्द नापास असाच ऐकू येतो. जूनमध्ये तिचे वडील स्टाफरूमच्या दाराशी आले. आवाज चढलेला नव्हता, उलट फार खाली गेलेला होता.

"मॅडम, मी हिचे नाव काढून घेतो," ते म्हणाले. "माझ्या मित्राच्या ऑफिसात एक जागा आहे. पदवी काय, मुक्त विद्यापीठातून होईल हळूहळू. उगीच हिचाही वेळ जातो आणि आमचेही पैसे."

मुक्त विद्यापीठाला नावे ठेवण्याचे काहीच कारण नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघाले, आणि नोकरी-संसार सांभाळणाऱ्या असंख्य माणसांना त्याने पदवी मिळवून दिली. पण या मुलीला ते नको होते. ती वडिलांच्या मागे उभी होती आणि पायांकडे पाहत होती. मी त्यांच्याकडे एक सत्र मागितले. "ऑक्टोबरची परीक्षा होऊ द्या, मग काय ते ठरवा," म्हणाले. ते तयार झाले, पण खुशीने नव्हे.

पहिले काम आम्ही केले ते उत्तरपत्रिका पाहण्याचे. हे काम शेकडा नव्वद घरांत होतच नाही, असे माझा अनुभव सांगतो. निकाल वाईट लागला की रडणे होते, बोलणी होतात, क्लासची चौकशी होते. पण आपले मूल तीन तास बसून काय लिहून आले, हे कोणी पाहत नाही. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याला हक्क आहे. माहितीच्या अधिकाराखाली ती मागता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिला. शिवाय ठरावीक फी भरून झेरॉक्स प्रत देण्याची सोय विद्यापीठांनी केलेली असते. मुदत मात्र निकालानंतर थोडेच दिवस असते, आणि ते दिवस नेमके घरातल्या बोलाचालीत निघून जातात.

अर्थशास्त्राची तिची प्रत आम्ही टेबलावर पसरली. पेपर ७५ गुणांचा, वेळ अडीच तास, पंधरा-पंधरा गुणांचे पाच प्रश्न. म्हणजे एका प्रश्नाला अर्धा तास. पहिले उत्तर सात पाने होते, सुवाच्य अक्षरात, शाईने अधोरेखित केलेले. दुसरे पाच पाने. चौथे दीड पान, आणि पाचव्या प्रश्नाचा नुसता क्रमांक घातलेला. पंधरा गुण तिने न लिहिताच सोडून दिले होते! सात पानांच्या उत्तराला गुण मिळाले होते सहा.

हे सहा का, ते पाहण्यासारखे आहे. प्रश्न होता : मागणीतील विस्तार आणि मागणीतील वाढ यांतला फरक स्पष्ट करा. तिने मागणीचा अर्थ लिहिला, मागणीचा नियम लिहिला, आल्फ्रेड मार्शलची व्याख्या लिहिली, आकृती काढली, नियमाचे अपवादही लिहिले. फरक मात्र कुठेच नव्हता. वस्तूची किंमत उतरली म्हणून लोक जास्त घेऊ लागले तर तो विस्तार, तिथे वक्र तोच राहतो. किंमत तीच असून उत्पन्न वा आवड बदलल्याने मागणी चढली तर ती वाढ, आणि तिथे वक्रच उजवीकडे सरकतो. एवढे सांगून दोन आकृत्या आणि दोन उदाहरणे दिली असती तर चार पानांत काम झाले असते. तिला हे येत नव्हते असे नाही. तोंडी विचारले तेव्हा तिने बरोबर सांगितले. बारावीत 'मागणी' हा शब्द दिसला की सगळा धडा उतरवायचा, ही सवय तिला लागली होती.

इथे माझ्या विषयाचा थोडा अभिमान सांगू द्या. प्रश्नातले क्रियापद वाचणे हे भाषेचे काम आहे. 'वर्णन करा', 'फरक स्पष्ट करा', 'कारणे सांगा', 'मूल्यमापन करा' ही चार निरनिराळी मागणी आहे. पोहे मागितले असता उपमा कितीही सुंदर करून दिला तरी खाणारा खूश होत नाही.

त्या दिवसापासून तिने एक दोनशे पानी वही घातली. डाव्या पानावर प्रश्न आणि आपण काय लिहिले ते. उजव्या पानावर काय हवे होते ते, आणि गुण कुठे गेले त्याचे कारण : वेळ, प्रश्न चुकीचा वाचला, की मुळात आलेच नाही. महिन्याभरात असे दिसले की, 'आलेच नाही' हे कारण तिच्या वहीत सगळ्यांत कमी वेळा येत होते. मुलगी मठ्ठ नाही, हे तिला स्वतःला प्रथम त्या वहीवरून पटले.

अभ्यासाची तऱ्हाही बदलावी लागली. ती चार-चार तास वाचत असे, रंगीत पेनांनी ओळी रंगवत असे. वाचलेले ओळखीचे वाटते, म्हणून ते आले असे वाटते. हा मोठा चकवा आहे. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली यावर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला; इतरांनी तो मिटून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवले, लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. आपल्याकडे दिवेलागणीला पाढे म्हणून घेणाऱ्या आजोबांना हे प्रयोगाशिवाय ठाऊक होते. फक्त कॉलेजात गेल्यावर आपण म्हणून दाखवणे सोडून देतो. तिने नियम केला : तास झाला त्या दिवशी रात्री वही मिटून अर्धे पान लिहायचे, तिसऱ्या दिवशी तेच पुन्हा, आणि रविवारी घड्याळ लावून एक पूर्ण उत्तर, बरोबर तीस मिनिटांत. रोजचा सारा अभ्यास दीड-दोन तासांचा. लोकलमध्ये बसायला जागा मिळालीच तर त्यातला काही भाग तिथे होई.

आता थोडे गणित, कारण वडिलांना पटले ते गणितानेच. नव्या पद्धतीत प्रत्येक विषयाला श्रेयांक असतात आणि श्रेणीला गुण : सर्वोच्च श्रेणीला १०, नुसत्या उत्तीर्णाला ४, नापासाला शून्य. श्रेयांक आणि श्रेणीगुण यांचा गुणाकार करून बेरजेला एकूण श्रेयांकांनी भागले की एसजीपीए. त्यामुळे वीस श्रेयांकांच्या सत्रात चार श्रेयांकांचा विषय ५ वरून ७ वर नेला तर सत्राचा आकडा ०.४ ने चढतो. दोन श्रेयांकांच्या विषयात तीच मेहनत ०.२ देते. कोणत्या विषयाला आधी हात घालावा, हे यावरून कळते.

आणि सहाही सत्रांचे श्रेयांक सारखे धरले तर पदवीचा सीजीपीए म्हणजे सहा आकड्यांची सरासरी. तिची पहिल्या दोन सत्रांची बेरीज होती १०.६. शेवटी ६.५ हवे तर एकूण ३९ हवेत. उरलेल्या चार सत्रांत सरासरी ७.१ पडले की झाले. कठीण, पण आवाक्यातले. दुसरे वर्षही ५.५, ५.५ असे गेले, तर तिसऱ्या वर्षी दोन्ही सत्रांत ८.७ लागतील. आणि ७ हवे असतील तर तेव्हा लागतील १०.२, दहापैकी! "तिसऱ्या वर्षी जोर लावीन," असे म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाने ही वजाबाकी एकदा कागदावर करून पाहावी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाखाली चार वर्षांची पदवी घेणाऱ्याला दोन सत्रे जास्त मिळतात हे खरे. पण चौथ्या वर्षी संशोधनाची वाट घेण्यासाठी आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्क्यांची अट घातलेली आहे, तेव्हा तिथेही पहिले वर्ष मागे लागतेच.

अंतर्गत गुणांचे मात्र मी तिला रागावूनच सांगितले. चाचणी, प्रकल्प, सादरीकरण यांचे गुण घरबसल्या मिळण्यासारखे असतात, आणि मुले ते मुदत चुकवून घालवतात. लेखी पेपरात दहा गुण वाढवायला चार महिने लागतात. प्रकल्प वेळेवर दिला तर तेवढेच गुण एका शनिवार-रविवारात मिळतात.

ऑक्टोबरच्या परीक्षेचा आकडा आला ६.६. वडिलांचा चेहरा पडला. त्यांना आठाची आशा होती. "एवढे करून एवढेच?" मी त्यांना म्हणाले, ५.४ वरून ६.६ ही एका सत्रातली चढण लहान नाही, आणि या वेळी पाचवा प्रश्न कोरा नाही. ते काही बोलले नाहीत; मित्राच्या ऑफिसातली ती जागा मात्र दुसऱ्या कोणाला गेली. पुढे ७.३, मग ८, मग ८.२. सीजीपीए ६.७८. तिच्या काही मैत्रिणींना साडेआठ होते, आणि जिथे सातची अट होती तिथे तिला अर्ज करता आला नाही. पहिल्या वर्षाची किंमत तिला चुकवावी लागलीच. एम. ए.ला मात्र तिला प्रवेश मिळाला, तोही अर्थशास्त्रात.

घरात काय बदलले, हे मी एकदा तिच्या आईला विचारले. त्या म्हणाल्या, "विशेष काही नाही हो. संध्याकाळी साडेसात ते नऊ टीव्ही बंद ठेवला, आणि ह्यांनी तिच्या चुलतभावाचे नाव घेणे सोडले." यांतले दुसरे अधिक कठीण गेले असावे, असा माझा तर्क आहे.

वही तिने तिसऱ्या वर्षानंतर मला देऊन टाकली. कोपरे दुमडलेले, तीन रंगांच्या शाईने भरलेली. दर जुलैत मी ती पहिल्या वर्षाच्या वर्गात फिरवते. मुले पाने उलटतात आणि त्यांतली काही हसतात, कारण त्या चुका त्यांच्याच असतात. गेल्या आठवड्यात मात्र तिच्या वडिलांचा फोन आला. धाकटा आता बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे, परीक्षा तोंडावर आहे, तर ती वही दिवाळीच्या सुट्टीपुरती मिळेल का, असे ते विचारत होते. अकाउंट्सला तिचा काय उपयोग, असे मी म्हणाले. "उपयोग नसू द्या, मॅडम," ते म्हणाले, "त्याला डाव्या पानावर काय लिहायचे असते तेवढे पाहू द्या."