सेमिनरी निवडायची कशी? आधी मंडळी, मग महाविद्यालय

पाळक होऊ इच्छिणारे तरुण एक प्रश्न हमखास विचारतात: "रिफॉर्म्ड सेमिनरींपैकी सर्वांत चांगली कोणती?" आज याच प्रश्नाचा विचार करू. उदाहरणं मुख्यतः अमेरिकेतली घेऊ, कारण तिथे पर्याय अनेक आहेत आणि गोंधळही तितकाच आहे.

आधी 'रिफॉर्म्ड' म्हणजे काय ते पाहू. सोळाव्या शतकात जर्मनीत ल्यूथरची चळवळ उभी राहिली, तशी स्वित्झर्लंडमध्ये झ्विंग्ली आणि पुढे कॅल्व्हिन यांची धारा वाहू लागली. ही धारा म्हणजे रिफॉर्म्ड परंपरा. तिची स्कॉटलंडमधली शाखा प्रेसबिटेरियन. मिरजेचं मिशन हॉस्पिटल उभारणारे डॉ. वानलेस आपल्याला माहीत आहेत. ते अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचेच. पाळक शिकलेला हवा, हा या परंपरेचा जुना आग्रह. कॅल्व्हिनच्या पुढाकाराने १५५९ मध्ये जिनिव्हात अकादमी सुरू झाली, ती याच आग्रहातून.

आता मुद्द्याकडे येतो. सेमिनरी पदवी देते, पण पाळक करत नाही. प्रेसबिटेरियन पद्धतीत उमेदवाराची परीक्षा घेते ती प्रेसबिटेरी, म्हणजे त्या भागातल्या पाळकांची आणि वडिलांची सभा. डच परंपरेत हेच काम क्लासिस करते. शिवाय एखाद्या मंडळीचं पाचारण यावं लागतं. मगच दीक्षा. म्हणून विचार शेवटाकडून सुरू करा: मला कुठल्या मंडळीत सेवा करायची आहे? माझी परीक्षा कोण घेणार? त्यांना कुठलं शिक्षण मान्य आहे? अमेरिकेत पीसीए हा पंथ स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देत नाही, पीसी-यूएसए देतो. हे एखाद्या मुलीला तिसऱ्या वर्षी कळून काय उपयोग?

दुसरा प्रश्न विश्वासांगीकाराचा. प्रेसबिटेरियन संस्था १६४० च्या दशकातला वेस्टमिन्स्टरचा अंगीकार मानतात. डच परंपरेच्या संस्था बेल्जिक अंगीकार, हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी आणि डॉर्टचे नियम मानतात. ते नुसते भिंतीवर टांगलेत की वर्गात खरोखर शिकवले जातात, हे विचारून घ्या.

तिसरा प्रश्न: संस्था कोणाच्या हातात आहे? प्रिन्स्टन सेमिनरी १८१२ मध्ये प्रेसबिटेरियन चर्चच्या महासभेने स्थापन केली. १९२९ मध्ये तिच्या कारभाराची फेररचना झाली. त्यामुळे संस्थेची दिशाच बदलेल, असं म्हणत ग्रेशम मेचन आणि काही सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी फिलाडेल्फियात वेस्टमिन्स्टर सेमिनरी काढली. ती कुठल्याही एका पंथाच्या ताब्यात नाही. उलट ग्रँड रॅपिड्सची कॅल्व्हिन सेमिनरी ख्रिश्चन रिफॉर्म्ड चर्चची आहे, तर सेंट लुईसची कव्हनंट पीसीएची. पंथाच्या संस्थेत तुमची भावी मंडळी तुम्हाला आधीपासून ओळखते. स्वतंत्र संस्थेत निरनिराळ्या मंडळ्यांचे सोबती भेटतात. दोन्हींचे फायदे आहेत, पण आपण काय घेतोय हे माहीत असावं.

चौथा प्रश्न पैशाचा. यावर लोक संकोचाने बोलतात, म्हणून मी मुद्दाम बोलतो. एम.डिव्ह. हा साधारण तीन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम; संसार आणि नोकरी सांभाळून करणाऱ्यांना जास्त वेळ लागतो. कर्ज डोक्यावर घेऊन बाहेर पडलात, तर खेड्यातली लहान मंडळी बोलावेल तेव्हा मनात असूनही जाता येणार नाही. तुमचं पाचारण मग बँकेचा हप्ता ठरवेल. त्यामुळे आपली मंडळी किती भार उचलेल, हे प्रवेशाआधीच बोलून घ्या.

शेवटी, माहितीपत्रक बाजूला ठेवून तिथल्या विद्यार्थ्यांना तीन गोष्टी विचारा. इब्री आणि ग्रीक किती सत्रं शिकवतात? प्राध्यापकांपैकी किती जणांनी स्वतः मंडळी सांभाळली आहे? इथून बाहेर पडलेले पाच वर्षांनी कुठे आहेत?

आणि ज्यांना परत येऊन मराठी मंडळीत सेवा करायची आहे, त्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. शिक्षण इंग्रजीत होईल, पण एखाद्या घरी मयत झाल्यावर दोन शब्द बोलावे लागतील ते मराठीत. त्याची तयारी कुठलीही परदेशी सेमिनरी करून देणार नाही. ती आपल्या मंडळीतच, वडीलधाऱ्यांच्या सोबत करावी लागते. म्हणून सेमिनरीचा अर्ज भरण्याआधी आपल्या पाळकांसोबत वर्षभर घरोघरी फिरा. सेमिनरी कोणती, हा प्रश्न त्यानंतर बराच सोपा होतो.